तीर, कमठा आणि त्यांचा मेळ : मावळांतील तिरंदाजीच्या साधनांची पारख

भोर आणि पूर्वीचा वेल्हे या दोन तालुक्यांचा मुलूख म्हणजेच जुन्या कागदांतील रोहिडखोरें, हिरडस मावळ, वेळवंड खोरें, गुंजण मावळ आणि कानद खोरें. येथील देशमुखांच्या दप्तरांतून निघालेले महजर, करीने व शकावल्या यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे व पुढेंही होईल. परंतु ज्या हातांनीं हीं वतनें राखलीं त्या हातांतील साधनांचा विचार त्या मानानें फारच थोडा झालेला आहे. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत शिवकालीन पायदळाविषयीं एक लहानशी गोष्ट नोंदविली आहे. ती अशी कीं, दर दहा असामींत एकाजवळ बंदुकीऐवजीं तीरकमान असे, आणि रात्रीच्या छाप्यांत किंवा अकस्मात् हल्ल्यांत, जेथें बंदूक वाजविणें इष्ट नसे तेथें, तिचा उपयोग होई. बंदूक आपली जागा स्वतःच सांगते. तीर कांहीं बोलत नाहीं. हें विधान प्रमाण धरलें तर या डोंगरांतून तीर निवडणें, सरळ करणें व जुळविणें हें काम शेंकडों लोक करीत असले पाहिजेत. तें काम कसें चालतें, हें नवशिक्यास समजेल अशा रीतीनें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तें समजल्यावांचून संग्राहकाच्या हातीं आलेली तिरांची जुडी केवळ काड्यांची मोळी ठरते, आणि धनुर्वेदाची पोथी केवळ शब्दांची.

शब्दांविषयीं थोडेंसें

प्रथम एक सावधगिरीची सूचना. सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी कागदांत ‘बाण’ हा शब्द बहुधा अग्निबाण, म्हणजे दारूनें उडणारा बाण, या अर्थीं येतो. ‘बाणदार’ म्हणजे तो सोडणारा असामी, तिरंदाज नव्हे. बाणांच्या कैचींचा हिशेब दिसला कीं तो दारूखान्याचा हिशेब समजावा. धनुष्याच्या बाणास त्या काळचा रूढ शब्द ‘तीर’ हा आहे, व संस्कृत ग्रंथांतील ‘बाण’ किंवा ‘शर’ त्याच्याशीं जुळतो. बांबूच्या साध्या धनुष्यास मराठींत ‘कमठा’ म्हणतात, आणि दोहोंचा जोड शब्द ‘तीरकमठा’ आजही सर्वांच्या परिचयाचा आहे. हा भेद लक्षांत न घेतां एखाद्या किल्ल्याच्या जाबत्यांतील बाणांची संख्या तिरंदाजीच्या खात्यांत घालणें म्हणजे दारूचें कोठार भात्यांत रिकामें करणें होय. या लेखांत घोंटाळा नको म्हणून आम्ही ‘तीर’ हाच शब्द योजला आहे.

तीर वांकतो, म्हणून सरळ जातो

नवशिक्याची समजूत अशी असते कीं, तीर सरळ व टणक असला म्हणजे झालें. वस्तुस्थिति निराळी आहे. तीर कमठ्याच्या मधून जात नाहीं. तो मुठीच्या बाजूस टेंकलेला असतो. दोरी सुटली कीं ती कमठ्याच्या मध्याकडे धांवते. मागून जोराचा रेटा बसतो, पुढचें टोंक आपल्या जडपणामुळें क्षणभर मागें राहतें, आणि मधली काठी वांकते. वांकलेली काठी उलट्या बाजूस झोंका घेते व अशा रीतीनें मुठीस वळसा घालून, तिला न घासतां, पार निघून जाते. पुढें हे झोंके लहान होत होत थांबतात. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत अमेरिकेंतील क्लॅरेन्स हिकमन यानें अतिजलद छायाचित्रांच्या साह्यानें हा प्रकार डोळ्यांस दिसेल असा करून दाखविला.

यावरून मुख्य सिद्धांत निघतो तो हा : तिराचा चांगुलपणा एकट्या तिरांत नसतो, तो तीर व कमठा यांच्या मेळांत असतो. काठी फार ताठ असेल तर ती वळसा घेत नाहीं व बाजूस फेंकली जाते. फार लवचीक असेल तर गरजेपेक्षां अधिक वांकून उलट बाजूस जाते. जोरकस कमठ्यास ताठ तीर, हलक्या कमठ्यास लवचीक तीर. एकाचा उत्तम तीर दुसऱ्याच्या हातीं निकामी ठरतो तो याच कारणानें.

ग्रंथकारांस हें ठाऊक होतें

आमच्या जुन्या ग्रंथांतील कांहीं वचनें या दृष्टीनें वाचलीं असतां त्यांचा अर्थ उलगडतो. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत वेणु, शर, शलाका, दण्डासन व नाराच असे बाणांचे प्रकार देऊन लोखंड, हाड व लांकूड यांचीं टोंकें सांगितलीं आहेत. म्हणजे काठी व टोंक यांचा विचार तो निरनिराळा करतो. चौदाव्या शतकांतील शार्ङ्गधरपद्धतींतील धनुर्वेदप्रकरण व वासिष्ठ धनुर्वेद यांत याहून सूक्ष्म गोष्टी आहेत. काठी फार जाड नसावी, फार बारीक नसावी, कच्ची नसावी, तिच्यावर वाईट गांठी नसाव्यात. लांबी दोन हातांत मूठभर कमी व जाडी करंगळीएवढी असावी. हात अठरा इंचांचा व मूठ चार इंचांची धरली तर ही लांबी बत्तीस इंच येते. परंतु खरी मौज इंचांत नाहीं. हात, मूठ व करंगळी हीं मापें माणसाच्या अंगचीं आहेत. त्यांमुळें उंच माणसाचा तीर आपोआपच लांब होतो व ठेंगण्याचा आंखूड.

त्याच ग्रंथांत तिरांचे तीन भेद येतात. पुढें जाड तो स्त्री, मागें जाड तो पुरुष, आणि सर्वत्र सारखा तो नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा दृढ वस्तूचा भेद करतो, आणि तिसरा लक्ष्यावर नेम धरण्यास उत्तम. वाचकांस हें वर्गीकरण पंडिती हौसेचें वाटण्याचा संभव आहे. पण बांबूची काठी हातीं घेतली कीं कोडें सुटतें. बांबू बुंध्याकडे जाड व शेंड्याकडे बारीक असतो; म्हणून कोणतें टोंक पुढें करावें हा प्रश्न कारागिरापुढें प्रत्येक काठीस येतोच, आणि त्याप्रमाणें तिराचा तोल व लवचिकपणा बदलतो. नवशिक्यास लक्ष्यावर मारावयाचें असल्यामुळें ग्रंथकारांचा तिसरा प्रकारच त्यास योग्य. शिवाय कमठा आपल्या ताकदीपेक्षां वरचढ नसावा, कारण धनुष्यानें पीडलेल्यास लक्ष्य दिसत नाहीं, हाही त्यांचा उपदेश प्रत्येक नवशिक्यानें गांठीं बांधण्यासारखा आहे.

निवड

आतां प्रत्यक्ष कृति. ज्यांनीं जुन्या पद्धतीनें बोरूची लेखणी केली आहे त्यांस अर्धी विद्या आधींच अवगत आहे : पिकलेली, सरळ, लांब पेरांची व सारख्या जाडीची काडी कोणती, हें त्यांची नजर ओळखते. सह्याद्रीच्या या भागांत बांबूस तोटा नाहीं. पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडलेली काठी कीड कमी धरते. ती कांहीं महिने सावलींत, शक्य तर चुलीवरच्या माळ्यावर धुरांत, वाळूं द्यावी. वांकडेपणा निखाऱ्यावर शेंकून हातानें काढावा. ओल्या काठीचा काढलेला वांक परत येतो.

लांबी ठरवितांना कमठा पूर्ण ओढून पाहावा, व त्या ओढीपेक्षां तीर निदान एक इंच अधिक ठेवावा. आंखूड तीर मुठीच्या आंत ओढला जाऊन हातांत घुसतो. या कामांत याहून वाईट अपघात क्वचितच असेल. प्रत्येक वेळीं सोडण्यापूर्वीं तीर किंचित् वांकवून तडा आहे कीं काय तें पाहावें.

ताठपणा मोजण्याची सोपी रीत अशी. दोन खुंट्या बरोबर २६ इंच अंतरावर ठेवून त्यांवर काठी आडवी ठेवावी, मध्यभागीं दोन पौंडांचें वजन टांगावें व काठी किती इंच खालीं येते तें मोजावें. त्या इंचांनीं २६ ला भागलें असतां, ती काठी सुमारें किती पौंड ओढीच्या कमठ्यास योग्य, तो आंकडा निघतो. एक इंच लवली तर २६ पौंड, हा नवशिक्याचा कमठा. अर्धा इंच लवली तर ५२ पौंड. वजनाचा साधारण नियम ओढीच्या दर पौंडास आठ ते दहा ग्रेन असा आहे. तोळा १८० ग्रेनांचा धरल्यास २६ पौंडांच्या कमठ्यास सुमारें दीड तोळ्याचा तीर होतो. अगदींच हलका तीर घातला तर सुटलेला जोर कमठ्यावरच उलटतो व तो मोडतो. एका जुडींतील तिरांत दहा गुंजांहून अधिक फरक नसावा. तयार तीर बोटावर तोलला असतां तोलाचा बिंदु मध्यापासून टोंकाकडे, एकंदर लांबीच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका सरकलेला असावा.

दोरीची खांच पेराच्या गांठीलगत घ्यावी व तिच्या खालीं दोऱ्याचे वेढे घट्ट आवळावेत. गांठ काठीस चिरूं देत नाहीं. पिसें एका तिरास एकाच बाजूच्या पंखांचीं लावावीं, डाव्या-उजव्यांची मिसळ करूं नये. जुन्या ग्रंथांत चार पिसें सहा अंगुळें लांब सांगितलीं आहेत व त्यांत गिधाड, कुरर, मोर इत्यादि पक्ष्यांचीं नांवें आहेत. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें रानपक्ष्यांच्या पिसांच्या वाटेस जाऊं नये. पाळीव बदक किंवा टर्की यांचीं पिसें उत्तम काम देतात.

जुळवणी

आम्हीं स्वतः प्रथम केलेले सहा तीर डोळ्यांस एकसारखे सरळ होते, पण पेंढ्याच्या गंजीवर ते सहा दिशांस गेले. दोष हाताचा मानून आम्हीं पुष्कळ दिवस हात सुधारीत बसलों. शेवटीं खुंट्यांवर ठेवून पाहतां एक काठी पाऊण इंच लवली, तर दुसरी सव्वा इंच! एकमेकींशीं जुळणाऱ्या तीन काठ्या वेगळ्या काढल्या, तेव्हां त्याच हातानें तिन्ही तीर वीतभर जागेंत बसूं लागले.

निवडीनंतरची खरी परीक्षा बिनपिसांच्या तिरानें होते, कारण पिसें दोष झांकतात. दहा-बारा पावलांवर मऊ गंजी ठेवून प्रथम पिसांचे तीन तीर व मग त्याच जातीचा बिनपिसांचा एक तीर मारावा. मागें-पुढें कोणी नसावें. उजव्या हातानें बोटांनीं ओढणाऱ्याचा तीर कमठ्याच्या डाव्या बाजूस असतो. त्याचा बिनपिसांचा तीर डावीकडे लागला तर काठी ताठ, उजवीकडे लागला तर लवचीक. आंगठ्यानें ओढण्याची जी रीत मोगली कमानीबरोबर चालत आली, तींत तीर उजव्या बाजूस असतो, म्हणून हा नियम उलटा वाचावा. ताठ काठीस जड टोंक बसवावें किंवा ती थोडी तासावी. लवचीक काठीस हलकें टोंक द्यावें किंवा ओढीस पुरून उरत असेल तेवढीच ती आंखूड करावी. बिनपिसांचा तीर इतरांच्या खालीं लागला तर दोरीवरील तीर लावण्याची खूण किंचित् खालीं आणावी. वर लागला तर वर न्यावी.

हें करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत टिपावी. पोथीचा पाठ ठरवितांना आपण एकदम चार शब्द फिरवीत नाहीं, येथेंही तसेंच. आणि जो तीर कशानेंच जुळत नाहीं तो जुडींतून काढावा. त्याच्यासाठीं बाकीचे बिघडवूं नयेत.

संग्राहकांस विनंति

हा सर्व खटाटोप संग्राहकांसाठीं कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, जुनी जुडी ही एका विशिष्ट कमठ्याची व एका विशिष्ट हाताची साक्ष आहे. कमठा बहुधा मोडून वा किडून गेलेला असतो; पण तिरांची लांबी सांगते कीं धनी किती ओढीत असे, आणि जाडी, वजन व तोल यांवरून त्या नष्ट कमठ्याच्या जोराचा अंदाज बांधतां येतो. ही साक्ष जुडी अखंड असेल तरच उभी राहते. एका संग्रहांत आम्हीं असें पाहिलें कीं, एकाच भात्यांतून आलेले तीर शोभेसाठीं निरनिराळ्या भिंतींवर खिळले होते, जीर्ण पिसें काढून टाकलीं होतीं व काठ्यांस वार्निश दिलें होतें. वस्तु राहिल्या, पुरावा गेला.

म्हणून विनंति अशी कीं, जुने तीर ज्या जुडींत मिळाले त्याच जुडींत ठेवावेत. ते शेंकून सरळ करूं नयेत, त्यांवर वजन टांगूं नये, आणि कमठ्यावर तर कधींच चढवूं नयेत. टोंकास विषाचा लेप असण्याचा संभव धरूनच हात लावावा. प्रत्येकाची लांबी, दोन्ही टोंकांची जाडी, वजन, तोलाचा बिंदु, पेरांची संख्या व पिसांची मांडणी टिपून घ्यावी. प्रयोग करावयाचाच असेल तर त्या मापाची नवी काठी करून तिच्यावर करावा. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांतील कातकरी व महादेव कोळी वृद्धांच्या तोंडीं तीरकमठ्याच्या अवयवांचीं जीं नांवें असतील तींही त्यांच्याच उच्चारांत लिहून घ्यावीं. शिकार कायद्यानें बंद झाल्यावर हे शब्द वापरण्याचा प्रसंगच उरलेला नाहीं, आणि जो शब्द वापरांत नाहीं तो पुढच्या पिढीच्या कानीं पडत नाहीं. कागद दप्तरांत बांधून ठेवतां येतो. हातांची विद्या मात्र जोंवर हात आहेत तोंवरच विचारून घेतां येते.