साठ की आठ? आपला आवाज आपल्याच कानी

परवाना नुकताच हातात पडलेला हौशी रेडिओचालक, म्हणजेच 'हॅम', पहिल्यांदा माइकचे बटण दाबतो तेव्हा बहुधा ओरडतो. आवाज दूर पोहोचवायचा आहे, तेव्हा मोठ्याने बोललेच पाहिजे, असे मनाला आपोआप वाटते. शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घेतात. पलीकडून, पाचशे-हजार किलोमीटरवरून, उत्तर येते, ''सिग्नल जोरदार आहे, पण शब्द नीट कळत नाहीत. पुन्हा सांगा.'' मग तो आणखी मोठ्याने सांगतो आणि शब्द आणखी कळेनासे होतात.

यात त्याचा दोष फारसा नाही. त्याचे कान त्याला फसवत असतात.

हॅमच्या टेबलावरच्या संचाला ट्रान्सीव्हर म्हणतात. एकाच पेटीत ऐकण्याची आणि बोलण्याची सोय असते, पण एका वेळी एकच काम चालते. बोलण्याचे बटण दाबले की ऐकणारा भाग बंद होतो. हेडफोनमध्ये आतापर्यंत चाललेली खरखर एकदम थांबते आणि कानात शांतता पसरते. वर हेडफोनच्या गाद्यांनी कान झाकलेले असल्यामुळे हवेतून येणारा स्वतःचा आवाजही दबका ऐकू येतो. मिनिटभरापूर्वी कान गोंगाटाला सरावलेले होते, आता ते जणू कापूस घातल्यासारखे झालेले. अशा वेळी माणूस आवाज चढवतो, आणि आपण चढवला हे त्याला कळतही नाही.

पॅरिसमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली हे नोंदवून ठेवले. माणूस वाचत असताना त्याच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज वर जातो आणि गोंगाट थांबवला की खाली येतो. वाचणाऱ्याला याचा पत्ता नसतो. लोंबार यांनी त्याचा व्यवहारी उपयोग केला. बहिरेपणाचे सोंग घेणारा माणूस या चाचणीत पकडला जातो, कारण जो खरोखर काहीच ऐकत नाही, त्याचा आवाज गोंगाटाने चढणार कसा? आज शास्त्रज्ञ याला 'लोंबार परिणाम' म्हणतात. पक्ष्यांमध्येही तो आढळतो. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की सगळी पंगत ओरडून बोलू लागते, तेही हेच.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपला आवाज आपल्याला जास्त ऐकू आला की आपण हळू बोलतो. टेलिफोन बनवणाऱ्या अभियंत्यांना हे फार पूर्वी कळले होते. जुन्या काळ्या फोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा ऐकू यायचा. तो मुद्दाम तेवढाच ठेवलेला असे. जास्त ठेवला तर लोक पुटपुटत, अजिबात ठेवला नाही तर ओरडत आणि फोन बंद पडला असे समजत. या परत येणाऱ्या आवाजाला 'साइडटोन' म्हणतात. कान बंद करणारे इयरफोन घालून बसमध्ये मोबाइलवर बोलणारा प्रवासी सगळ्या डब्याला ऐकू जाईल असे का बोलतो, याचेही एक कारण इथे आहे. तो उद्धट असेलच असे नाही.

चांगल्या ट्रान्सीव्हरवर ही उणीव भरून काढणारे एक बटण असते. त्यावर 'मॉनिटर' किंवा थोडक्यात 'मोनी' असे लिहिलेले असते. ते दाबले की बोलत असताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये येतो. अनेकांच्या संचावर हे बटण वर्षानुवर्षे बंदच असते. पुस्तिकेच्या मधल्या कुठल्यातरी पानावर त्याची दोन ओळींत माहिती असते आणि तिथवर वाचतो कोण!

पहिल्यांदा ते सुरू करणाऱ्याला दोन धक्के बसतात. पहिला म्हणजे खोलीत किती आवाज आहेत याचा. संचातला पंखा, छतावरचा पंखा, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, भिंतींवरून येणारा घुमारा, सगळे त्याच्या बोलण्याबरोबर हवेत चाललेले असते. माइकचा 'गेन' जास्त ठेवला आणि शिवाय 'कॉम्प्रेसर' लावला, की बारीक आवाजही मोठे होतात. दोन शब्दांमधल्या पोकळीत पंखा भरून येतो.

मोठ्याने बोलण्याचा उपयोग का होत नाही, तेही इथेच समजते. शंभर वॅटचा संच ओरडल्याने दीडशे वॅट देत नाही. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की संचातली स्वयंचलित व्यवस्था त्याला खाली दाबते. तिचा काटा 'एएलसी' या नावाने मीटरवर दिसतो. काटा सतत शेवटाला टेकलेला असेल तर आवाज चिरडला जातो, शब्दांच्या कडा जातात आणि सिग्नल दोन्ही बाजूंना सांडून शेजारच्या कंप्रतेवर बोलणाऱ्यांनाही त्रास देतो. बिचारे ते शिव्या घालत असतात, याला मात्र वाटते आज आपला सिग्नल झकास चालला आहे.

दुसरा धक्का जास्त खोल आहे. ''हा माझा आवाज?'' रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज ऐकून जवळजवळ प्रत्येकाने कधीतरी तोंड वाकडे केलेले असते. बोलताना आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट तोंडातून हवेत आणि हवेतून कानात. दुसरी जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत. कानाच्या संशोधनासाठी १९६१ चे नोबेल मिळवणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले की हाडांच्या वाटेचा वाटाही हवेच्या वाटेइतकाच मोठा असतो. हाडे खर्जातला, भारदस्त भाग चांगला पोहोचवतात. म्हणून स्वतःला आपण आहोत त्यापेक्षा भरदार वाटतो. माइकला फक्त हवेतला आवाज मिळतो. जगालाही तोच मिळतो. कानात बोटे घालून बोलून पाहिले तर हाडांची वाट किती जोरकस आहे ते लगेच कळते.

हौशी रेडिओत यातून एक नेहमीची चूक घडते. मॉनिटरमध्ये आपला आवाज पातळ, किरटा वाटला म्हणून चालक संचातला खर्ज वाढवत जातो, डोक्यात ऐकू येणारा भारदस्तपणा येईपर्यंत. स्वतःला ऐकायला छान वाटते. पलीकडे मात्र माठात तोंड घालून बोलल्यासारखे पोहोचते.

कारण रेडिओची वाट अरुंद आहे. हॅम मंडळी दूरच्या बोलण्यासाठी वापरतात त्या पद्धतीत साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. स्वरांची ताकद खालच्या भागात असते, पण शब्दाची ओळख व्यंजनांत असते आणि व्यंजने वरच्या भागात. 'स'चा सूं असा घर्षणाचा आवाज तर मुख्यतः ४००० हर्ट्झच्याही वर असतो, म्हणजे तो बहुतांशी दारातच अडतो. त्यात खर्ज वाढवला, माइक ओठांना चिकटवला, ओरडले, की उरलासुरला 'स'ही बुडतो. आता 'साठ' हा शब्द 'स' वगळून म्हणून पाहावा. उरतो तो 'आठ'.

गप्पा मारताना याने काही बिघडत नाही. पण १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आणि २००१ मध्ये भूजच्या भूकंपात फोन बंद पडले असताना हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवले होते. अशा निरोपांत असते काय? जखमी किती, तंबू किती, औषधाच्या बाटल्या किती, रक्तगट कोणता. तिथे साठचे आठ झाले तर माणसांचे हाल होतात. म्हणूनच जाणते चालक आकडा सुटा करून सांगतात, 'सहा, शून्य' असा, आणि अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही ठरलेली नावे वापरतात. बी, डी, पी, टी ही इंग्रजी अक्षरे अरुंद पट्टीत एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. पण ठरलेली नावेसुद्धा चिरडलेल्या आवाजात सांगितली तर उपयोग मर्यादितच.

मॉनिटर वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तो स्पीकरवर लावू नये. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि सभागृहातल्यासारखी कर्कश शिट्टी सुरू होते. हेडफोन हवाच. त्यातही पातळी बेताची ठेवावी. मोठी ठेवली की साइडटोनचा नियम लागू होतो, माणूस नकळत पुटपुटू लागतो आणि मग गेन वाढवतो. कानांच्या दृष्टीनेही बेतच बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो, त्यावर पातळी वाढली की हे तास झपाट्याने घटतात. रात्र रात्र खरखरीतून सिग्नल शोधणाऱ्यांनी हा हिशेब घालावा.

शिवाय मॉनिटर सगळे सांगत नाही. आवाज संचाच्या आत कुठल्या टप्प्यावरून परत कानाकडे वळवला आहे, हे संचागणिक बदलते. शेवटच्या प्रवर्धकात किंवा बाहेरून जोडलेल्या मोठ्या प्रवर्धकात आवाज बिघडत असेल, तर मॉनिटरला त्याची खबर नसते.

म्हणून काही जण दुसरी युक्ती करतात. इंटरनेटवर ऐकता येणारे रेडिओ संच आता जगभर आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंट विद्यापीठातला असा संच तर हॅम मंडळींत प्रसिद्ध आहे. तो लावायचा आणि आपलाच सिग्नल लांबून कसा येतो ते ऐकायचे. कल्पना उत्तम, पण बोलता बोलता ऐकायला गेले की जीभ अडखळते. शब्द लांबतात, अक्षरे दुहेरी होतात, वाक्य मध्येच तुटते. आपला आवाज उशिरा कानावर आला की असे होते, हे १९५० साली अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी मांडले. सुमारे २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाचा उशीर सर्वांत जास्त गोंधळ घालतो. बोलताना मेंदू आपल्याच आवाजाची वाट पाहत असतो, पुढचे अक्षर सोडताना मागचे नीट गेले का ते तपासत असतो. ती तपासणी उशिरा आली की गाडी रुळावरून घसरते. जपानमधल्या दोन संशोधकांनी याच तत्त्वावर बडबड्या माणसाला गप्प करणारी बंदूक बनवली आणि २०१२ चे गमतीचे 'इग नोबेल' पटकावले. गमतीची दुसरी बाजू म्हणजे, अडखळत बोलणाऱ्या काही जणांना हाच उशीर मदत करतो. त्यांचे बोलणे त्याने सुरळीत होते. सर्वांचे होत नाही, आणि तो कायमचा इलाजही नव्हे, पण वाचा-उपचारात त्याचा वापर होतो.

संचाच्या मॉनिटरमधला उशीर एवढा नसतो. तरी काही डिजिटल संचांत तो जाणवतो आणि बोलायला चमत्कारिक वाटते. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे रेकॉर्ड करून नंतर ऐकणे.

आपला आवाज आपल्याला ऐकू न येण्याची किंमत रेडिओवाल्यांपेक्षा इतरांनाच जास्त मोजावी लागते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, रस्त्याकडेच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसाला पाच-सहा तास शिकवणारी शिक्षिका दिवसभर लोंबार परिणामाखाली असते. तिला वाटते आपण नेहमीसारखेच बोलतो आहोत. संध्याकाळी घसा बसलेला असतो. वर्षानुवर्षे असे चालले की स्वरतंतू एकमेकांवर आपटून त्यांवर घट्ट्यासारख्या गाठी येतात. आवाजाच्या तक्रारी शिक्षकांत इतर व्यवसायांपेक्षा जास्त दिसतात. भाजीविक्रेते, कीर्तनकार, सूत्रसंचालक यांचीही तीच गत. सर्दीशिवाय घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर काढे-गुळण्या करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे, तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

शाहिरांनी मात्र यावर आपला तोडगा कधीच काढून ठेवला आहे. डफ-तुणतुण्याच्या दणदणाटात पोवाडा गाताना ते एक हात कानाशी नेतात. त्या ओंजळीतून स्वतःचा सूर कानात पडतो. हाही मॉनिटरच, विजेशिवाय चालणारा.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजातला बदलही लक्ष देऊन ऐकण्यासारखा असतो. आतल्या कानाचा बहिरेपणा येत असेल तर माणूस मोठ्याने बोलू लागतो, कारण त्याचा आवाज त्यालाच पुरेसा पोहोचत नाही. कानात मळ अडकला किंवा मधल्या कानात बिघाड झाला तर उलट होते. हवेची वाट बंद, हाडांची चालू, त्यामुळे स्वतःचा आवाज मोठा वाटतो आणि माणूस हळू बोलतो. पार्किन्सनच्या रुग्णाचा आवाज खोल जातो, पण ''मी नीटच बोलतोय, तुमचेच कान बिघडलेत,'' असे तो घरच्यांना सांगतो आणि त्याला खरोखर तसेच वाटत असते. आवाजाची त्याची आतली मोजपट्टीच बदललेली असते. त्याच्या वाचा-उपचारातला मोठा भाग ही मोजपट्टी पुन्हा बसवण्याचा असतो. मोठ्याने म्हणवून घ्यायचे, रेकॉर्डिंग ऐकवायचे, आणि 'हे ओरडणे नाही, हे नेहमीचे बोलणे आहे' हे पटवायचे.

रेडिओवरची मोजपट्टी बसवायला एक संध्याकाळ पुरते. अँटेना काढून तिच्या जागी 'डमी लोड' जोडायचा, म्हणजे सिग्नल बाहेर जाऊन कुणाला त्रास होत नाही. पंखा बंद करायचा. कॉम्प्रेसर बंद. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या किंचित बाजूला, चार बोटांवर. टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावे तशा आवाजात मोठ्याने वर्तमानपत्रातला एखादा उतारा वाचायचा आणि एएलसीचा काटा फक्त अधूनमधून हलेल एवढाच गेन ठेवायचा. मग मॉनिटर हळूहळू वाढवत, हेडफोन नसताना आपण स्वतःला जेवढे ऐकतो साधारण तेवढ्यावर आणायचा. मग अँटेना जोडून एखाद्या जुन्या मित्राला हाक द्यायची, पण ''आवाज कसा आहे?'' असे विचारायचे नाही. त्यावर 'छान' असेच उत्तर येते. सात, साठ, आठ, पाच, पन्नास असे दहा आकडे उलटसुलट सांगायचे, त्याला लिहून घ्यायला लावायचे आणि परत वाचायला सांगायचे.