दोन आठवड्यांचे गुरुजी

जुलै महिना उजाडला, की तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएन आणि तैतुंग, त्याचप्रमाणे मध्यभागातील डोंगराळ नान्तौ या जिल्ह्यांतील काही खेड्यांच्या शाळा भर सुट्टीत उघडतात. अमेरिका, कॅनडा आदी देशांत वाढलेल्या तैवानी कुटुंबांतील सतरा-अठरा ते पंचवीस वर्षे वयाचे तरुण-तरुणी तेथे इंग्रजीचे उन्हाळी शिबिर चालविण्यास येतात. २००६ साली तेथील सरकारने ही योजना सुरू केली. आठवडाभर प्रशिक्षण, दोन आठवडे अध्यापन आणि अखेरीस देशदर्शनाची सहल, असा तिचा सर्वसाधारण आराखडा आहे. विमानाचे भाडे स्वयंसेवकाने भरावयाचे, निवासाची व भोजनाची सोय यजमानांनी करावयाची. वेतनाचा प्रश्न नाही. वरवर पाहता यात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. परंतु जी सेवा फुकट मिळते तिचा हिशेब सहसा कोणी मागत नाही; म्हणूनच तो मांडून पाहणे आवश्यक ठरते.

ग्रामीण तैवानची गरज खरी आहे, यात शंका नाही. २००१ साली तेथे प्राथमिक शाळेत पाचवीपासून आणि २००५ साली तिसरीपासून इंग्रजी सक्तीचे झाले. तैपेईसारख्या शहरांतील सुस्थित पालक संध्याकाळी मुलांना खाजगी शिकवणीच्या वर्गात धाडतात. डोंगरातल्या पालकाला ते परवडत नाही, आणि परवडले तरी असे वर्ग तेथे जवळपास नसतात. तरुण पिढी शहराकडे गेली, जन्मदर घसरला आणि खेड्यांतील शाळांची पटसंख्या रोडावली. अशा लहान शाळेला इंग्रजीचा स्वतंत्र शिक्षक मिळणे कठीण, मिळालेला टिकणे त्याहून कठीण. परिणामी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीतील गुणांचा आलेख काढला, की त्यात दोन शिखरे दिसतात, असे तेथील शिक्षणक्षेत्रात नेहमी बोलले जाते: एक शिखर उत्तम गुणांचे, दुसरे तळाचे, आणि मध्ये दरी. २०३० सालापर्यंत देश द्वैभाषिक करण्याचे धोरण २०१८ साली जाहीर झाले, तेव्हा ही दरी अधिकच रुंदावेल अशी चिंता व्यक्त झाली, ती उगीच नव्हे.

ही दरी दोन आठवड्यांत कितपत बुजेल? दहा दिवस, रोज सहा तास, म्हणजे साठ तास. त्यातील निम्मा वेळ मुले स्वतः बोलली आणि वर्गात पंधरा मुले असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला अवघे दोन तासांचे बोलणे येते. दोन तासांत भाषा येत नाही. मग शिबिर निरर्थक मानावयाचे काय? तसेही म्हणता येणार नाही. भाषेच्या शिक्षणातील मोठा अडसर व्याकरणाचा नसून भीतीचा असतो, आणि ती घालविण्यास दोन तासही पुरतात. येथे एक गंमतीची अदलाबदल घडते. परदेशात वाढलेल्या स्वयंसेवकाची मंडारिन भाषा बहुधा कच्ची असते. तो अडखळतो, मुले हसतात आणि त्याला दुरुस्त करतात. शिकविणाराही चुकतो, हे पाहिल्यावर स्वतः चुकण्याची लाज कमी होते.

आदिवासी वस्त्यांतील शाळांत या अनुभवाचे मोल अधिक आहे. तेथे आजीची भाषा आमिस किंवा बुनुन, शाळेची भाषा मंडारिन आणि इंग्रजीचा क्रमांक तिसरा. लष्करी कायदा १९८७ साली उठेपर्यंतच्या काळात शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा सोसाव्या लागत. २००१ पासून स्थानिक भाषांना प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळाली. ज्या घरात भाषेपायी एक पिढी ओशाळली, तेथे इंग्रजी ही आणखी एका न्यूनगंडाची पायरी होऊ नये, एवढी दक्षता शिबिर भरविणाऱ्यांनी घेतलीच पाहिजे.

जमेची बाजू आणखी कोणाकडे जाते? स्वयंसेवकाला पूर्वजांच्या देशाची ओळख होते, प्रमाणपत्र मिळते. परदेशस्थ तरुणांशी नाते जोडणे हा सरकारचाही उघड हेतू आहे. त्यात गैर काही नाही. विमानभाड्याच्या पैशांत गावात शिक्षक नेमता आला असता, हा युक्तिवादही टिकणारा नाही. कारण सहल नसती तर तो पैसा गावाकडे वळलाच नसता. शिबिराचा खरा वैकल्पिक खर्च निराळा आहे. तो आहे स्थानिक शिक्षकाची सुट्टी, त्याचे श्रम आणि त्याची प्रतिष्ठा. पाहुण्यांची व्यवस्था त्यानेच पाहावयाची, आणि मुलांनी मात्र खरे इंग्रजी पाहुण्यांचेच असे समजावयाचे, असे झाले तर तिसऱ्या आठवड्यात त्याच वर्गावर उभे राहणाऱ्या त्या गुरुजींच्या हाती काय उरते?

दक्षिण कोरियात १९६६ ते १९८१ या काळात अमेरिकन पीस कोअरचे अनेक स्वयंसेवक शाळांतून इंग्रजी शिकवीत. त्यांची मुदत साधारणतः दोन वर्षांची असे. ते कोरियन शिकत, गावात राहत आणि स्थानिक शिक्षकांच्या बरोबरीने काम करीत. सर्वांनाच दोन वर्षे देता येणार नाहीत. परंतु दरवर्षी त्याच शाळेत जाणे, पाठांची आखणी स्थानिक शिक्षकाच्या हाती देणे, स्वयंसेवकाने त्याचा साहाय्यक म्हणून उभे राहणे आणि वापरलेले साहित्य शाळेतच ठेवून जाणे, एवढे तर दोन आठवड्यांतही साधण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांतून ते कोणी शिकवावयाचे, हा प्रश्न इकडच्या शिक्षकांनाही अपरिचित नाही. शिबिराच्या समारोपाला मुलांनी म्हटलेली गाणी ऐकून त्याचे यश ठरवू नये. नोव्हेंबरमध्ये, पाहुणे केव्हाच परतलेले असताना, मागच्या बाकावरील मूल आपल्याच गुरुजींना इंग्रजीत एखादा प्रश्न विचारते काय, हे पाहावे. तसे घडत असेल, तर ते दोन आठवडे सत्कारणी लागले असे खुशाल म्हणावे.