दहा सेंटांची पेठ
लेखमाला : कृष्णवर्णीय अमेरिकेच्या पेठा – लेखांक ४

अटलांटाच्या एजवुड अ‍ॅव्हेन्यूवर विटांची एक जुनी मंडई आहे, १९२४ साली बांधलेली. शनिवारी सकाळी मी तिथे भाजी घ्यायला जाते. आत शिरलं की खाटकांचे गाळे लागतात, काचेमागे डुकराचे पाय, शेपट्या, मानेची हाडं नीट रचून ठेवलेली. पुढे पालेभाज्यांचे ढीग. त्यात कोलार्डची पानं असतात, दिसायला नवलकोलाच्या पानांसारखी, पण सुपाएवढी रुंद आणि जाड. पहिल्यांदा मी ती जुडी हातात धरून उभी राहिले, तेव्हा गाळ्यावरच्या आजींनी ओळखलं की हिला यातलं काही येत नाही. त्यांनी एक पान घेतलं, मधली शीर धरून दोन्ही बाजू सर्रकन ओढून काढल्या आणि म्हणाल्या, “देठ टाकून द्यायचा, पानं तीनदा धुवायची आणि शिजायला घाई करायची नाही, बाळा.”

या मंडईचं नाव ‘स्वीट ऑबर्न कर्ब मार्केट’. कर्ब म्हणजे फुटपाथची कड. वर्णभेदाच्या काळात इमारतीच्या आतले गाळे गोऱ्या विक्रेत्यांसाठी होते. कृष्णवर्णीय शेतकरी आणि भाजीवाल्या बाहेर फुटपाथच्या कडेला माल मांडून बसत. त्या कडेचं नाव पुढे सगळ्या मंडईला लागलं. आज त्याच नावाखाली आजी आत, आपल्या गाळ्यावर उभ्या असतात.

मागच्या लेखांकात आपण टल्सा शहरातली ग्रीनवुड पेठ १९२१ साली कशी जाळून टाकली गेली ते पाहिलं. आजची पेठ, म्हणजे अटलांटाची ऑबर्न, जळली नाही. तिच्यावर आलेलं संकट वेगळं होतं, ते पुढे येईलच. आधी ही पेठ उभी कशी राहिली ते पाहू, कारण त्यात एक हिशेब आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

अकरा डॉलर आणि एक वस्तरा

मंडईपासून चार पावलांवर ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू आहे. एकोणिसाव्या शतकात तिचं नाव व्हीट स्ट्रीट होतं, १८९३ मध्ये ते बदललं. त्या काळी कृष्णवर्णीयांची बरीच दुकानं शहराच्या मधोमध, गोऱ्यांच्या दुकानांच्या शेजारीच होती. त्यांतलं सर्वांत देखणं दुकान अलोन्झो हर्न्डन यांचं.

हर्न्डन १८५८ साली जॉर्जियातल्या वॉल्टन परगण्यात गुलाम म्हणून जन्मले. यादवी युद्ध संपून गुलामगिरी उठली तेव्हा ते सात वर्षांचे होते. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या वर्षी हा पंधरा वर्षांचा मुलगा जॉर्जियाच्या शेतांत राबत होता. कागदावरची मुक्ती त्याला मिळाली होती, जमीन आणि शिक्षण मिळालं नव्हतं. वीस वर्षांचा असताना, जेमतेम वर्षभराची शाळा आणि साठवलेले अकरा डॉलर एवढ्यावर त्याने गाव सोडलं. न्हाव्याचं काम तो शिकला आणि पुढे अटलांटाला आला.

काही वर्षांत पीचट्री स्ट्रीटवर त्यांचं भलंमोठं सलून उभं राहिलं. संगमरवरी फरशी, झुंबरं, खुर्च्यांची लांबच लांब रांग. काम करणारे सगळे कारागीर कृष्णवर्णीय आणि गिऱ्हाईक सगळं गोरं: वकील, न्यायाधीश, राजकारणी. कृष्णवर्णीय माणसाला त्या खुर्चीत बसून दाढी करून घेता येत नव्हती. हा त्या काळाचा नियम हर्न्डन पाळत होते आणि त्यातून मिळालेला पैसा बाजूला टाकत होते.

विमा का लागला?

इथे थोडं थांबू, कारण सगळ्या पेठेची किल्ली इथे आहे.

घरातला मिळवता माणूस आजारी पडला की रोजी बुडते. तो गेला तर पुरायलाही पैसे नसतात. ही भीती गरीब घरात सर्वत्र सारखीच. आपल्याकडे चाळीत भिशी असते, गावात बचत गट असतो, तसं गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी चर्चच्या आधाराने मदत मंडळं काढली. आठवड्याला पाच, दहा, पंचवीस सेंट द्यायचे. आजारपणात थोडी रक्कम घरी येते आणि मेल्यावर सन्मानाने दफन होतं.

मोठ्या विमा कंपन्यांचा मार्ग त्यांच्यासाठी जवळजवळ बंद होता. १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन नावाच्या विमा कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचा डोंगर रचून लिहिलं की कृष्णवर्णीय लोक वंशानेच रोगट आहेत, त्यांचा विमा उतरवणं म्हणजे तोटा. त्याला उत्तर दिलं कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी. माणसं लवकर मरत असतील तर ती कोणत्या वस्तीत राहतात, कोणतं पाणी पितात, हे आधी पाहा, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. १८९७ मध्ये ते अटलांटा विद्यापीठात शिकवायला आले आणि तेरा वर्षं तिथे राहिले. याच द्यु बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाची प्रत आंबेडकरांना हवी होती.

१९०५ साली जॉर्जियात कायदा आला: विमा चालवायचा तर सरकारकडे ५,००० डॉलर अनामत ठेवा. चर्चच्या मंडळांकडे एवढी रक्कम कुठली? व्हीट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रींनी चालवलेलं असंच एक मंडळ बुडायला आलं. हर्न्डननी ते १४० डॉलरना विकत घेतलं आणि अनामत स्वतःच्या खिशातून भरली. ती अटलांटा म्युच्युअल. १९२२ मध्ये तिचं नाव अटलांटा लाइफ झालं.

आता हिशेब पाहा. एजंट दर आठवड्याला दारात येई. धुणं धुणारी बाई पदराआडून काढावा तसा दहा सेंटांचा डाइम काढून देई. एजंट तिच्या पुस्तकात खूण करी. तो एक डाइम काहीच नव्हता, पण हजारो घरांतले डाइम दर आठवड्याला एका तिजोरीत येऊ लागले की त्यांचं भांडवल होतं. जे लोक बँकेच्या दारात उभे राहू शकत नव्हते, त्यांना त्या भांडवलातून घरासाठी कर्ज मिळू लागलं. एजंट, कारकून, टंकलेखिका, लेखापाल म्हणून शिकलेल्या मुलामुलींना नोकऱ्या मिळाल्या. धुण्याच्या टोपात हात घालून कमावलेला पैसा असा आपल्याच मुलांच्या टेबल-खुर्चीपर्यंत पोहोचला.

दंगल आणि ऑबर्न

सप्टेंबर १९०६ मध्ये शहर पेटलं. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीने वंशद्वेष महिनोन्‌महिने तापवला होता. त्यात वर्तमानपत्रांनी कृष्णवर्णीयांनी गोऱ्या स्त्रियांवर हल्ले केल्याच्या बिनबुडाच्या बातम्या ठळक मथळ्यांत छापल्या. गोऱ्यांचे जमाव रस्त्यावर आले. किमान पंचवीस कृष्णवर्णीय मारले गेले. हर्न्डननी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं होतं म्हणून ते वाचले, दुकानाची मात्र मोडतोड झाली. समोरच्या सलूनमधल्या कारागिरांना जमावाने ठार केलं.

त्यानंतर कृष्णवर्णीय व्यापारी शहराच्या मध्यातून सरकू लागले आणि ऑबर्नवर एकवटले. १९२१ मध्ये सिटिझन्स ट्रस्ट बँक निघाली. १९२८ मध्ये विल्यम अलेक्झांडर स्कॉट यांनी ‘अटलांटा वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र काढलं, ते १९३२ पासून रोज निघू लागलं. औषधांची दुकानं, शिंपी, खाणावळी, अंत्यविधीची सोय करणारे, नाचगाण्याचा रॉयल पीकॉक क्लब असं सगळं दीड मैलांच्या आत. टपाल खात्यात काम केलेले जॉन वेस्ली डॉब्स या रस्त्याला ‘स्वीट ऑबर्न’ म्हणत. ते नाव लोकांच्या तोंडी बसलं.

या डॉब्सनी घराघरांत जाऊन मतदार नोंदवले. मतं वाढली तसं नगरपालिकेला ऐकावं लागलं. १९४८ मध्ये शहराने पहिले आठ कृष्णवर्णीय पोलीस नेमले. त्यांना पोलीस मुख्यालयात कपडे बदलण्याचीही मुभा नव्हती, ते जवळच्या बटलर स्ट्रीट वायएमसीएच्या तळघरातून कामावर निघत. गोऱ्या माणसाला अटक करायचा अधिकारही त्यांना नव्हता. डॉब्स यांचा नातू मेनार्ड जॅक्सन १९७३ मध्ये अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. विमानतळाच्या विस्ताराच्या कंत्राटांत अल्पसंख्याक उद्योजकांना वाटा मिळालाच पाहिजे, यावर ते अडून बसले. आपली मुलं-नातवंडं अटलांटाला ज्या विमानतळावर उतरतात, त्याच्या नावातले जॅक्सन ते हेच.

चळवळीची शिदोरी

ऑबर्नवरच्या ५०१ क्रमांकाच्या घरात १५ जानेवारी १९२९ रोजी मार्टिन लूथर किंग यांचा जन्म झाला. त्याच रस्त्यावरच्या एबनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचे आजोबा, वडील आणि पुढे ते स्वतः प्रवचन देत. जगभरचे लोक हे घर आणि हे चर्च पाहायला येतात. पण शेजारची दुकानं पाहिल्याशिवाय किंग पूर्ण कळत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

एक उदाहरण देते. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध किंग यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या बस बहिष्काराच्या वेळी लोकांना कामावर पोहोचवण्यासाठी चर्चेसनी मोटारी ठेवल्या होत्या. त्या थांबवायला विरोधकांनी साधा उपाय शोधला: मोटारींचा विमा रद्द करवायचा. विमा नाही तर गाडी रस्त्यावर नाही. तेव्हा अटलांटाचे कृष्णवर्णीय विमा व्यावसायिक टी. एम. अलेक्झांडर मदतीला आले आणि थेट लंडनच्या लॉइड्सकडून त्या मोटारींचा विमा उतरवला गेला. चाकं फिरत राहिली. बहिष्कार वर्षाहून अधिक काळ टिकला, त्यामागे लाखो पावलं होती आणि विम्याचा हा एक कागदही होता.

दुसरी गोष्ट प्रिन्स हॉल मेसॉनिक टेंपलच्या इमारतीतली. तिथे किंग यांच्या संघटनेचं कार्यालय होतं आणि वरच्या मजल्यावर डब्ल्यूईआरडी हे नभोवाणी केंद्र. जेसी ब्लेटन यांनी १९४९ मध्ये ते विकत घेतलं, तेव्हा कृष्णवर्णीय मालकीचं देशातलं ते पहिलं केंद्र ठरलं. किंगना काही सांगायचं असलं की ते केरसुणीच्या दांड्याने छत ठोकत आणि वरून खिडकीतून मायक्रोफोन खाली सोडला जाई, अशी आठवण सांगतात.

आपल्याशी जोडणारा धागा एबनेझरमध्ये आहे. १९५९ मध्ये किंग भारतात आले होते. त्रिवेंद्रममध्ये पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतला अस्पृश्य’ अशी करून दिली. किंगना आधी धक्का बसला, मग त्यांना त्यातलं सत्य पटलं. ४ जुलै १९६५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांनी हा प्रसंग याच चर्चमध्ये आपल्या लोकांना सांगितला.

पुलाखालची पेठ

आता ते संकट. पन्नास-साठच्या दशकांत शहराच्या मधून महामार्ग गेला आणि तो ऑबर्नला मधोमध कापत गेला. घरं, दुकानं पाडली गेली. आजही रस्त्यावरून चालताना अचानक डोक्यावर काँक्रीटचं छत येतं, वर मोटारींची घरघर आणि खाली अंधार. शेकडो पावलांची वर्दळ त्या अंधारात दुभंगली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर कृष्णवर्णीय गिऱ्हाईक हवं तिथे खरेदी करू लागलं. तो हक्क त्यांनी रक्त सांडून मिळवला होता, आणि तो वापरणं योग्यच होतं. पण गोरं गिऱ्हाईक ऑबर्नवर आलं नाही. बरीच सुस्थितीतली कुटुंबं शहराच्या पश्चिमेकडे राहायला गेली. १९७६ मध्ये या पेठेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तरी १९९२ मध्ये देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ऐतिहासिक जागांच्या यादीत तिचं नाव आलं.

दर्जा मिळाल्याने भिंती वाचतात. पेठ वाचायला रोजचं गिऱ्हाईक लागतं. म्हणून इथे येणाऱ्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. किंगचं घर पाहा, त्यांची समाधी पाहा, किंग यांच्या स्मृती-उद्यानातल्या, १९९८ मध्ये भारताकडून आलेल्या गांधीजींच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबा. पण तेवढ्यावर परत फिरू नका. ऑबर्नवरून पश्चिमेकडे चालत या. महामार्गावरूनही दिसणारं, नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुइस यांचं उंच भित्तिचित्र पाहा. एपेक्स संग्रहालयात जा. ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू संशोधन ग्रंथालयात बसा, ते सर्वांना खुलं आहे. अटलांटाच्याच व्हाइन सिटी वस्तीतलं हर्न्डन यांचं १९१० सालचं घर बाहेरून तरी बघा, कृष्णवर्णीय कारागिरांनी बांधलेलं. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवरच्या चित्रपट्टीत गुलाम म्हणून जन्मलेल्या मालकाचं आयुष्य रंगवलेलं आहे. आणि मग कुठल्यातरी कृष्णवर्णीय मालकाच्या दुकानात जेवा, केस कापा, पुस्तक घ्या, मालकाशी दोन शब्द बोला.

मागच्या शनिवारी मी आजींकडून कोलार्डच्या दोन जुड्या घेतल्या. देठ न सांगता काढले, पानं तीनदा धुतली, आणि मंद आचेवर तास-दीड तास ठेवली. सुट्टे पैसे परत देताना आजींनी माझ्या तळहातावर एक डाइम ठेवला होता. तो मी खर्च केलेला नाही. पुढच्या शनिवारी त्याच गाळ्यावर द्यायचा आहे.

*पुढील लेखांकात : रिचमंडची जॅक्सन वॉर्ड पेठ, आणि १९०३ मध्ये तिथे बँक काढणाऱ्या मॅगी लीना वॉकर.*