दार उघडते उजेडाने!

मादागास्करच्या रानात उंदराएवढी एक लेमूर राहते. वानरांचीच ही दूरची आप्त, वजन जेमतेम ६० ग्रॅम, आणि वावर सारा रात्रीचा! एरवी हिचा जननमार्ग कातडीने चक्क बंद असतो. किल्ली सूर्याजवळ!

अंधारात मेंदूतली एक ग्रंथी मेलॅटोनिन हे हार्मोन स्रवते. रात्री लांब असतात तोवर बीजकोश निजलेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे दिवस वाढतात, मेलॅटोनिन ओसरते, इस्ट्रोजेन चढते, दार उघडते. समागमाची वेळ अवघी काही तासांची; हुकली तर सुमारे सात आठवडे थांबणे आले. साधली तर ६० दिवसांनी दोन-तीन पिले, पावसाळ्याच्या तोंडाशी.

पॅरिसजवळ ब्रुनॉयच्या प्रयोगशाळेत सूर्याचे काम दिवे करतात. ते अधिक तास जळत ठेवले, की बाहेर कडाक्याची थंडी असली तरी माद्या माजावर येतात!