पस्तिशीत आय.टी.आय. करावे का?

विहिरीवरची मोटार जळाली की गावातला वायरमन आठवतो. हात तयार, पण सर्टिफिकेट नाही, अशी माणसे गावोगाव आहेत. पस्तिशीत त्यांनी आय.टी.आय. करावे का?

प्रवेशाला आपल्या राज्यात वयाची वरची अट नाही. 14 वर्षे पूर्ण असली की झाले. अडचण पुढेच आहे. महावितरणच्या 2023 च्या विद्युत सहाय्यक भरतीत वयोमर्यादा 27 वर्षे होती. मागासवर्गीयांची 5 वर्षांची सवलत धरली, तरी पस्तिशीतल्या बहुतेकांना ते दार बंदच. तेव्हा सरकारी नोकरीच्या आशेवर बैलजोडी विकू नये.

मग कागद वाया जातो का? तसेही नाही. किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल व अकुशल कामगारांना वेगवेगळे असतात. कारखान्यात आपण कुशल आहोत, हे सांगायला सर्टिफिकेटचा आधार होतो.

मात्र वायरमनचा कोर्स 2 वर्षांचा आणि रोजच्या हजेरीचा. तोवर शेत कोण पाहील, घरखर्च कशातून भागेल, हे घरधनिणीला बरोबर घेऊन ठरवावे. जवळच्या कारखान्यात आधी विचारावे : या सर्टिफिकेटवर पगार किती वाढवाल? नेमका आकडा मिळाला, तरच फॉर्म भरावा.