प्लसला प्लस, मायनसला मायनस
लेखमाला ‘घरातला स्टिरिओ’ : लेखांक ६

दीपनगरच्या वसाहतीत घरं लागतात ती बदलीच्या हिशेबानं. कोराडीहून, परळीहून, एकलहऱ्याहून माणसं भुसावळच्या औष्णिक केंद्रात येतात, ट्रकमधून सामान उतरतं आणि गॅस, पाणी, शाळा मार्गी लागल्यावर कधीतरी स्टिरिओ मांडला जातो. गाणं सुरू होतं, आवाजही मोठा येतो, पण त्यात भरीवपणा नसतो. तबल्यातला डग्गा दबलेला, गायिकेचा आवाज पसरलेला. ती समोर मध्ये उभी राहून गाते आहे असं वाटतच नाही. घरातले म्हणतात, वाटेत स्पीकर खराब झाले. मग कुणी जळगावला जाऊन नवा वूफर घेऊन येतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो खर्च करण्याआधी स्पीकरच्या मागच्या दोन तारा बघा. या तक्रारीत अनेकदा एका बाजूची तार उलटी लागलेली असते, आणि ती दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

तार उलटी लागली की नेमकं काय होतं? स्पीकरच्या कोनला मागे व्हॉइस कॉइल चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या फटीत हलते. विजेचा प्रवाह एका दिशेनं गेला की कोन बाहेर येतो, दिशा बदलली की आत जातो. दोन्ही स्पीकर नीट जोडलेले असले की डग्ग्याच्या एका थापेला दोन्ही कोन एकदम बाहेर येतात. एकाच्या तारा उलट्या असल्या की एक हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती ओढून घेतो.

यात खर्जच का मरतो, हे समजून घेण्यासारखं आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ५० हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब. हॉलमध्ये स्पीकरांत अंतर असतं दीड-दोन मीटर. एवढ्या लांब लाटेपुढे ते अंतर किरकोळ, त्यामुळे दोन्हीकडच्या विरुद्ध लाटा जवळजवळ पूर्ण एकमेकींना मारतात. ३००० हर्ट्झची लाट मात्र जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची. ती एका जागी मरते, वीतभर सरकलं की जिवंत होते. म्हणून झांज, सतार, शब्द ऐकू येत राहतात आणि दोष लपून राहतो. गायकाचा आवाज दोन्ही चॅनलवर सारखाच भरलेला असतो. दोन्ही कानांना तो एकसारखा आणि एकाच वेळी मिळाला की मेंदू त्याला मधोमध बसवतो. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून या कलेचा सगळा डोलारा या जुळणीवर उभा आहे.

दीपनगरकरांना हे वेगळं सांगायला नको. पाचशे मेगावॉटचा संच ग्रिडला जोडताना व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जुळून भागत नाही, फेजही जुळावी लागते. सिंक्रोस्कोपचा काटा बाराच्या जागी आल्याशिवाय ब्रेकर क्लोज करत नाहीत. तिथली चूक लगेच महागात पडते. स्पीकरच्या बाबतीत काहीच जळत नाही, म्हणून माणसं वर्षानुवर्षं अर्धंमुर्धं गाणं ऐकत राहतात. मला याचंच वाईट वाटतं.

आता परीक्षा. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, नसेल तर मूळचं मोनो असलेलं काही लावा. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी आहेत, ती चालतील. मीडियम वेव्हवरचं कुठलंही रेडिओ स्टेशन मोनोच असतं, आणि नुसतं बोलणं तर या कामाला सर्वांत चांगलं. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसा. आवाज दोघांच्या मध्ये, अगदी एका बिंदूतून आला पाहिजे. तो बाजूंना विखुरला किंवा डोक्याच्या आत घुमल्यासारखा वाटला तर संशय घ्या. मग एखादं खर्जाचं गाणं लावून बॅलन्सचं बटण हळूहळू पूर्ण एका बाजूला फिरवा. दोन स्पीकरांपेक्षा एकट्या स्पीकरचा बेस जास्त भरू लागला, तर तार उलटी आहे हे जवळजवळ नक्की. तरी शंका राहिलीच तर दोन्ही बॉक्स समोरासमोर, चार बोटांवर आणून ठेवा आणि एकाच बॉक्सच्या तारा अदलाबदल करून ऐका. ज्या जोडणीत खर्ज येतो ती बरोबर. फरक इतका ठळक असतो की लहान मूलही सांगेल.

अदलाबदल एकाच बाजूची, हे मुद्दाम सांगतो. उत्साहानं दोन्हीकडच्या तारा बदलल्या तर दोष होता तसाच राहतो. तारांना हात लावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला लागला तर शॉर्ट होऊन आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.

तारांवर खूण असते. कधी एका वायरवर रेघ, कधी इन्सुलेशनवर उभा उंचवटा, कधी एक तांब्याची लाल आणि दुसरी कल्हई केलेली पांढरी. साधी जोडवायर दोन्हीकडून सारखीच दिसते. तिथे मल्टिमीटरनं कंटिन्युइटी पाहा, विशेषतः मध्ये टेप गुंडाळलेला जोड असेल तर, कारण उलटापालट अनेकदा तिथेच दडलेली असते. जुन्या युरोपीय सेटांत स्पीकरसाठी दोन पिनांचा डिन प्लग असतो. त्यातली गोल पिन प्लस, चपटी मायनस.

बॉक्सवरची खूणच पुसली गेली असेल तर तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. वूफरचा कोन बाहेर आला तर सेलचं प्लस टोक लागलं ती स्पीकरची प्लस बाजू. ट्विटरवर मात्र हा प्रयोग करू नका. अपवाद एक आहे: जेबीएलच्या अनेक जुन्या स्पीकरांत लाल टर्मिनलला प्लस दिल्यावर कोन आत जातो. जोडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची असेल तर काही बिघडत नाही. वेगवेगळे बॉक्स एकत्र लावलेत तर सेलची परीक्षा घ्याच.

दोष फक्त रेकॉर्ड लावल्यावरच येत असेल, रेडिओ आणि कॅसेट ठीक वाजत असतील, तर स्पीकरना हात लावू नका. कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना पाहा: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. एखादी जोडी उलटली की हेच सगळं घडतं.

आणि बॉक्स उघडून आतला ट्विटर उलटा जोडलेला दिसला, तर लगेच सुलटा करायला जाऊ नका. १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह प्रकारच्या क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि ट्विटरच्या फेजमध्ये संधीच्या जागी १८० अंशांचा फरक पडतो, म्हणून पुष्कळ कारखाने ट्विटर जाणूनबुजून उलटा जोडतात. क्रॉसओव्हरवर सविस्तर पुढच्या लेखांकात लिहीन. तोवर एवढं करा: दिवाळीच्या रंगकामाला तारा सुटतील, त्याआधी प्रत्येक प्लस तारेच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवा.