शेवटचा माणूस येईपर्यंत

आमच्या ग्रुपचा एक नियम कुठेही लिहिलेला नाही, पण तो कुणी मोडत नाही. शेवटचा माणूस पोचेपर्यंत चहा सांगायचा नाही. रविवारच्या लाँग रनला आमच्यातला सगळ्यात वेगवान पोरगा शेवटच्या बाईच्या कितीतरी आधी कस्तुरचंद पार्कला पोचतो. तो बसून राहत नाही. दोन घोट पाणी पितो, उलटा वळतो आणि वाटेत जो पहिला भेटेल त्याच्याबरोबर परत येतो. मागून येणारेही तेच करतात. म्हणून आमच्याकडे शेवटची बाई एकटी कधीच येत नाही. तिच्या आजूबाजूला पाच-सात जण असतात, आणि त्यातल्या काहींचे पाय तोवर तिच्यापेक्षा जास्त अंतर चाललेले असतात. ती शेवटची बाई बहुतेक रविवारी मी असते.

लांब पल्ल्याचं धावणं हा एकट्याचा खेळ, असा समज आहे. ऑलिंपिकमध्ये पदकासाठी पळणाऱ्याचं असेलही तसं. पण नोकरी, दुकान, मुलांचे डबे सांभाळून जे पळतात, त्यांचं धावणं सोबतीवर उभं असतं, असं माझं ठाम मत आहे. सोबत म्हणजे नुसता मूड चांगला राहणं नव्हे. ती शरीरावर काम करते, वेग ठरवते, आणि बायकांच्या बाबतीत तर पळायला मिळेल की नाही हेसुद्धा तीच ठरवते.

मी सदरला राहते, मंगळवारी बाजाराच्या बाजूला. सदर ही इंग्रजांच्या छावणीच्या आधाराने वाढलेली बाजारवस्ती. रेसिडेन्सी रोड हे नाव इथल्या ब्रिटिश रेसिडेंटच्या काळाचं. ऑल सेंट्स कॅथीड्रल इथेच, कॉन्व्हेंट शाळा इथल्या, सिंधी भावांची कापडाची दुकानं, मुस्लिम मोहल्ले, मराठी नोकरदार, सगळं दाटीवाटीने. ग्रुपही तसाच आहे. एक निवृत्त बँक मॅनेजर, एक दंतवैद्य, मोटारचे सुटे पार्ट विकणारे एक काका, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक तरुण, दोन नर्स, कॉलेजची चार पोरं. भाषा नागपुरी, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांसाठी आठवड्यातला एक रन इफ्तारनंतर रात्री ठेवतात, आणि ज्यांचा रोजा नाही तेही तेव्हा येतात. हे कुणी ठराव करून केलं नाही. पार्टवाले काका एकदा म्हणाले, "ते महिनाभर एकटे कायले पळतील?" एवढ्यावर ठरलं.

पळायला सदरइतकी चांगली जागा नागपुरात दुसरी नसावी. दक्षिणेला कस्तुरचंद पार्क. त्याच्या पुढे झिरो माइलचा खांब आणि त्याच्याजवळचे ते चार घोडे. इंग्रजांनी देशाची मोजणी केली त्या काळाची ही खूण. पश्चिमेला विधानभवन, आकाशवाणी चौक, सिव्हिल लाइन्सची जुनी मोठाली झाडं. लेडीज क्लब चौकापासून जपानी गार्डनपर्यंतचा रस्ता तर वॉकर्स स्ट्रीट म्हणूनच ओळखला जातो. तिथून सेमिनरी हिल्सचा चढ, मग उतरून तेलंगखेडी आणि फुटाळा तलाव. सपाट रस्ता हवा त्याला सपाट, चढ हवा त्याला चढ. लोकमतची महामॅरेथॉन नागपुरात आली तेव्हा तिचा आरंभही कस्तुरचंद पार्कवरूनच झाला. आमच्या पोरांना त्याचा मोठा अभिमान.

पण पहाटे साडेचार वाजता हे सुंदर रस्ते बाईसाठी काय असतात, हे सांगितलं पाहिजे. दिवे काही ठिकाणी लागतात, काही ठिकाणी नाही. कुत्री असतात. रात्रीची शेवटची दारू उतरवत फिरणारे असतात. मोटारसायकल मागून हळू होते आणि पावलं आपोआप वाढतात. मला पळायची इच्छा पुष्कळ आधीपासून होती, पण ती ग्रुप मिळाल्यावरच पुरी झाली. आमच्याकडे पद्धत अशी: जी बाई घरून अंधारात निघते तिला तिच्या फाटकाशी कुणीतरी घ्यायला येतं. दोन नर्सपैकी एकीची नाइट ड्यूटी संपते तेव्हा ती दवाखान्यातून थेट बूट घालून निघते. तिला घ्यायला तिघीजणी जातात. तिच्या सासूबाईंना आधी हे पटत नव्हतं. मग एका रविवारी आम्ही सगळ्या त्यांच्या घरी पोहे खायला गेलो. नंतर त्याच सासूबाई उशीर झाला की सुनेला उठवू लागल्या: "उठ वं, त्या फाटकावर उभ्या आहेत."

नागपूरच्या मुलींनी लांब पल्ल्याच्या धावण्यात देशभर नाव काढलं आहे. रोहिणी आणि मोनिका राऊत या बहिणी, प्राजक्ता गोडबोले, यांचं आमच्या बायकांना फार कौतुक. त्या व्यावसायिक धावपटू, आम्ही हौशी. त्यांच्या आणि आमच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक. तरी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला की तो ग्रुपमध्ये फिरतो आणि त्या आठवड्यात बायकांची हजेरी वाढते.

आता जरा धावण्याच्या शास्त्राकडे येऊ, कारण सोबतीचं महत्त्व तिथे फार स्पष्ट दिसतं. नवीन माणूस पहिली चूक करतो ती जोरात पळण्याची. लांब पल्ल्यासाठी शरीर तयार होतं ते हळू, एकसारख्या धावण्याने. त्याने स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर साखरेबरोबर चरबीही जाळायला शिकतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर बहुतेकांना तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. उरलेलं अंतर कसं जाईल हे त्या आधीच्या कित्येक महिन्यांच्या हळू धावण्यावर ठरतं. मग हळू म्हणजे किती? याचं सगळ्यात सोपं आणि डॉक्टरांनाही मान्य असलेलं माप म्हणजे बोलता येणं. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर वेग बरोबर. आणि बोलायचं तर ऐकणारा हवा. आमचे दंतवैद्य नवीन पोरांना घड्याळ बघू देत नाहीत. त्यांच्या शेजारी पळतात आणि प्रश्न विचारत राहतात. काल काय खाल्लं, भाऊ काय करतो, परीक्षा कधी. उत्तर तुटक आलं की म्हणतात, "हळू घे बे, गाडी पकडायची हाय का?"

सोबतीचा अभ्यासही झाला आहे. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या बारा नावाड्यांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना वल्हवण्याच्या यंत्रावर एकदा एकेकट्याने आणि एकदा गटाने मिळून लयीत तेवढीच मेहनत करायला लावली. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवून, दुखणं कुठपर्यंत सहन होतं ते बघितलं. मेहनत सारखीच असूनही सोबत वल्हवल्यावर सहनशक्ती ठळकपणे जास्त भरली. बारा माणसं म्हणजे फार नव्हेत, हे खरं. पण सेमिनरी हिल्सच्या चढावर चौघांची पावलं एका ठेक्यात पडायला लागली की मांड्यांची आग कमी जाणवते, हे आमच्यातला प्रत्येक जण सांगेल.

दुसरा अभ्यास फार मोठा, २०१७ चा, अमेरिकेतल्या एमआयटीचा. जगभरातल्या अकरा लाख धावणाऱ्यांच्या घड्याळांतली पाच वर्षांची माहिती त्यांनी तपासली. अडचण अशी की मित्र सारखे पळतात ते एकमेकांमुळे की मुळात आवडी सारख्या म्हणून, हे कसं ओळखायचं? त्यांनी हवामानाची मदत घेतली. मित्राच्या गावी पाऊस पडला म्हणून तो कमी पळाला आणि आपल्या गावी आभाळ मोकळं असूनही आपण कमी पळालो, तर तो परिणाम मित्राचाच. निष्कर्ष असा निघाला की मित्र एक किलोमीटर जास्त पळाला तर आपणही त्या दिवशी साधारण तीनशे मीटर जास्त पळतो. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली: कमी पळणाऱ्यांचा जास्त पळणाऱ्यांवर परिणाम होतो, उलट तितका होत नाही. म्हणजे वेगवानांना पुढे ढकलण्याचं काम मागचे करत असतात. आमच्या पोरांना हे मी वाचून दाखवलं, कारण मी पुन्हा पुन्हा त्यांचे आभार मानते, अशी त्यांची तक्रार होती.

सोबतीवर उभी असलेली जगातली सगळ्यात मोठी शर्यत दक्षिण आफ्रिकेत आहे, कॉम्रेड्स मॅरेथॉन. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधलं अंतर, नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. विक क्लॅपहॅम नावाच्या रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरने पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती सुरू केली. १९२१ च्या पहिल्या शर्यतीला चौतीस जण निघाले, सोळा पोचले. बायकांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं, हेही त्याच इतिहासात आहे. तिथे 'बस' असते. एक अनुभवी धावपटू ड्रायव्हर होतो, ठरलेल्या वेगाने पळतो, चढावर सगळ्यांना चालायला लावतो, गाणी म्हणवून घेतो, आणि पन्नास-शंभर अनोळखी माणसं त्याच्या मागे वेळेच्या आत पोचतात. वेळ संपली की दार बंद. हात पुढे केलेला माणूस रेषेच्या दोन पावलं अलीकडे असला तरी बंद. म्हणून तिथे ड्रायव्हरचं घड्याळ सगळ्यांचं असतं. महाराष्ट्रातून दरवर्षी हौशी धावणारे तिकडे जातात.

मराठी मुलखाचा लांब पल्ल्याशी संबंध जुना आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये भारताकडून बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार पळाले. चौगुले दोन तास एक्कावन्न मिनिटांच्या आत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. पुस्तकांत एकोणिसावा नंबर राहतो. मला मात्र बोटीचा लांबचा प्रवास करून परक्या थंडीत एकाच रेषेवर उभे राहिलेले हे दोघं जोडीनेच डोळ्यांपुढे येतात.

आमची मोठी वारी जानेवारीतली, मुंबई मॅरेथॉनची. नागपूरहून रात्रीची गाडी. डब्यात ठेचा आणायला बंदी, कारण पोट सांभाळायचं; पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, केळी, आणि वाटायला संत्री. पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीच्या समोरूनच सुटते, म्हणजे ज्या स्टेशनात उतरायचं त्याच्याच दारातून पळायचं. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो, पाय संपले असताना येतो. तिथले रहिवासी गच्चीतून, फूटपाथवरून ओरडतात, मीठ-बिस्किटं-संत्र्याच्या फोडी हातात देतात. शर्यतीची पदकं सगळ्यांना सारखीच मिळतात आणि फोटो भरपूर निघतात. माझं मत विचाराल तर शर्यत हा भाग थोडा वाजवीपेक्षा मोठा झाला आहे. खरं धावणं त्या आधीच्या साध्या मंगळवारांमध्ये असतं.

म्हणून मला ग्रुपची परीक्षा उन्हाळ्यात वाटते. एप्रिल ते जून इथे शर्यत नाही, पदक नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं; पहाटेसुद्धा रस्ता तापलेलाच असतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर अंतर निम्मं ठेवायचं. आणि एकट्याने अजिबात निघायचं नाही. ऊन लागायला सुरुवात होते तेव्हा ज्याला लागतं त्याला ते कळत नाही. त्याला वाटतं आपण ठीक आहोत. त्याचं बोलणं जड होतं, पाऊल तिरकं पडतं, विचारलेल्याचं उत्तर भलतंच येतं, हे शेजारच्याला कळतं. अशा वेळी वाद घालायचा नाही. थांबवायचं, सावलीत बसवायचं, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवायचं आणि दवाखान्यात न्यायचं.

मॅनेजरसाहेबांचे गुडघे गेल्यापासून ते पळत नाहीत. मे महिन्यात ते चार वाजता सायकल काढतात. हँडलला ताकाचा कॅन, पुढच्या टोपलीत लिंबू, मीठ, साखर आणि ओली फडकी. सेमिनरी हिल्सच्या चढाखाली थांबतात, प्रत्येकाला नाव विचारतात आणि आज वार कोणता ते सांगायला लावतात. जो अडखळतो त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसावं लागतं, मग तो कितीही वेगवान असो.